दोरे कुणाला मानतात?

बर दुबई
९ ऑक्टोबर १९९८

चि. विभावरीस,

आत्याचे आशीर्वाद, आणि सोबत थोडी चौकशी.

दसऱ्याला लिहिलेलं तुझं पत्र काल मिळालं. इथे पोस्टमन घरी येत नाही, टपाल वर्कशॉपच्या पोस्ट बॉक्समध्ये पडतं, त्यामुळे तुझी पत्रं आधी ॲल्फ्रेडच्या हाती लागतात. ॲल्फ्रेड वसईचा. आमच्याकडे काच तापवून, वाकवून निऑनच्या पाट्यांची अक्षरं घडवतो. मी त्या नळ्या पेटवून, तपासून बाहेर पाठवते. एकोणीसशे सदुसष्टच्या बी.एस्सी. फिजिक्सचा एवढाच उपयोग झाला, पण रोज झाला. 'मॅडम, पुण्याचा लिफाफा. जाड आहे, चांगली बातमी असेल,' असं म्हणून त्यानं तो टेबलावर ठेवला.

चांगली बातमी सापडली नाही. पानंच्या पानं घरची खुशाली, आणि कामाबद्दल एकच ओळ : 'चेंबरमध्ये प्रकाशाचे दोरे दिसले, सर खूश नाहीत.' चार वर्षं पीएच.डी. करणाऱ्या मुलीनं एवढंच लिहावं? कसले दोरे? सर खूश का नाहीत? प्लाझ्मा म्हणजे काय ते मला समजावत बसू नकोस. वायूत वीज सोडली की त्याचे अणू तुटतात, विद्युतभारित कण मोकळे होतात आणि वायू उजळतो, हे मी दिवसभर बघते. तू त्याहून वेगळं काय बघितलंस ते लिही.

तुझा आतेभाऊ सिद्धांत म्हणतो, 'मॉम, गेट अ हॉटमेल अकाउंट. शी विल रिप्लाय इन टू मिनिट्स.' दोन मिनिटांत सुचलेलं उत्तर मला नको आहे. शिवाय रोमन लिपीतलं मराठी वाचलं की माझं डोकं दुखतं.

तुझे आतोबा मजेत आहेत. पुढच्या पत्रात खुशाली एका ओळीत आणि काम चार पानांत असू दे.

आत्या


पुणे
२७ ऑक्टोबर १९९८

ती. आत्या, नमस्कार.

तुझं पत्र वाचून वर्गात बाकावर उभं केल्यासारखं वाटलं, तेव्हा उभ्यानंच उत्तर देते. खुशाली : सगळे बरे आहेत.

आमचं चेंबर म्हणजे घरातल्या तांदळाच्या डब्याएवढं स्टीलचं भांडं. आत डोकवायला बाजूला काचेची छोटी खिडकी, आणि आत एक खाली, एक वर अशा दोन सपाट तबकड्या. भांड्यातली हवा काढायची, किंचित आर्गॉन सोडायचा आणि तबकड्यांना वीज जोडायची. जांभळट उजेड पडतो, पहाटेच्या धुक्यासारखा, सगळीकडे सारखा. इथपर्यंत तुझंच राज्य आहे.

फरक असा, की हे भांडं आम्ही एका अवाढव्य मॅग्नेटच्या पोटात बसवलं आहे. तो द्रव हेलियमनं थंड ठेवावा लागतो. हेलियम संपलं की मॅग्नेट झोपला. त्याचं चुंबकीय क्षेत्र भांड्यातून खालून वर सरळ जातं. एरवी इलेक्ट्रॉन वाटेल तिकडे पळतात. क्षेत्र जोरदार केलं की त्यांना आडवं पळता येत नाही. प्रत्येक जण आपल्या रेषेभोवती गिरक्या घेत फक्त वरखाली करू शकतो. क्षेत्र आणखी वाढवलं तर जड आयनसुद्धा तसेच अडकायला लागतात.

श्रावणात एका दुपारी मी क्षेत्र नेहमीच्या बरंच वर नेलं आणि आर्गॉन कमी केला. धुकं फाटलं. खालच्या तबकडीपासून वरच्या तबकडीपर्यंत प्रकाशाचे उभे दोरे तयार झाले, बारीक, वेगवेगळे, आणि दोन दोऱ्यांच्या मध्ये चक्क काळोख. वरच्या तबकडीच्या मधोमध काच आहे, तिच्यावर लावलेल्या आरशातून पाहिलं तर त्यांचेच ठिपके दिसत होते. मी उठून खोलीचं दार आतून लावून घेतलं. कुणी आत आलं तर ते जातील असं काहीतरी वाटलं. वेडेपणा, पण लावलं खरं.

घारपुरे सरांना फोटो दाखवले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, 'विभावरी, विज्ञान चाललंय की रांगोळी?' त्यांचं म्हणणं, हा चेंबरमधला मळ असणार. भिंतींना चिकटलेली हवा, तेलाची वाफ, नाहीतर तबकडीवरचे ओरखडे. 'मळावर प्रबंध लिहिलात तर परीक्षक आधी मला हाकलतील, मग तुम्हाला.' रागावले की ते मला अहो-जाहो करतात.

आत्या, ते दोरे खरे असतील तर माझा प्रबंध आहे. ते मळ असतील तर माझ्याकडे फक्त इतरांनी आधी केलेलंच पुन्हा केलेलं काम उरतं. फेब्रुवारीत मॅग्नेट दुसऱ्या विभागाकडे जाणार. त्याआधी काय ते ठरवायला हवं.

तुझी,
विभावरी


बर दुबई
१२ नोव्हेंबर १९९८

चि. विभावरीस,

मागचं पत्र या पत्रासारखं लिहिलं असतंस तर माझे महिनाभराचे तर्क वाचले असते. असो. नीट लिहिलं आहेस. माझ्या कॉलेजात हे असं समजावून सांगणारं कुणी नव्हतं.

आता निर्णय ऐक. तुझे सर बरोबर आहेत.

आमच्याकडे नळी नवीन भरली की कधीकधी आत उजेडाचा एक दोरा तयार होतो. नळीभर सारखं उजळायचं सोडून तो बारीक होऊन सळसळत राहतो. वर्कशॉपमध्ये त्याला साप म्हणतात. 'मॅडम, डी मध्ये साप आला,' की मी समजते, डी परत जाणार. काचेच्या आत हवेचा, ओलीचा अंश राहिला की साप येतो. मग नळीतून दणदणीत करंट सोडायचा, काच आतून भाजून काढायची, सगळं खेचून बाहेर टाकायचं आणि नवीन गॅस भरायचा. साप जातो. मागच्या महिन्यात इथल्या देरा भागातल्या एका दागिनेवाल्याची पाटी अशी दोनदा परत आली. ॲल्फ्रेड त्याला म्हणाला, 'हबीबी, साप फुकट दिलाय, सोन्याची राखण करेल.' गिऱ्हाईक हसलं नाही.

तेव्हा चेंबर पूर्ण उघड. तबकड्या घासून पॉलिश कर. भांडं बाहेरून तापवून कित्येक दिवस पंपावर ठेव. आर्गॉनचं सिलिंडर बदल. सगळं स्वतःच्या हातानं कर, कुणाला सांगून करून घेऊ नकोस. इतकं केल्यावर दोरे गेले तर वाईट वाटून घ्यायचं नाही. चार वर्षांनी नोकरीच्या ठिकाणी कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

दार लावून घेतलंस ते वेडेपणाचं नाही. मीसुद्धा लावलं असतं.

कामाला लाग.
आत्या


पुणे
२० डिसेंबर १९९८

ती. आत्या, नमस्कार.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. तबकड्या आरशासारख्या होईपर्यंत घासल्या. बोटांची सालं गेली. भांड्याभोवती तापवायच्या पट्ट्या गुंडाळून ते पंपावर ठेवलं. नवं सिलिंडर आणलं, तेही सगळ्यात शुद्ध मिळतं ते. मग मॅग्नेट चालू केला.

दोरे आले. आधीपेक्षा रेखीव आले.

मी सरांना बोलावलं. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, 'पॉलिश करताना नवे ओरखडे पडले असतील.' ओरखडे नाहीत हे सिद्ध करायला तबकडी बाहेर काढावी लागते, आणि बाहेर काढली की ते म्हणणार, काढताना पुसले गेले.

तू आणि सर दोघंही एकच सांगता आहात आणि तुम्हा दोघांनाही माझ्यापेक्षा जास्त कळतं. कदाचित मीच नको तेवढी त्यांच्या प्रेमात पडले आहे. हेलियम एका खेपेपुरतं उरलं आहे. ते वापरावं की नाही, ठरलं नाही.

बाबा मजेत. बाकी ठीक. पुढचं पुढे बघू.

विभावरी


बर दुबई
८ जानेवारी १९९९

विभावरी,

तुझं 'बाकी ठीक' काय होतं ते मला काल कळलं. दादाचा फोन आला होता. तू हिंजवडीच्या कुठल्याशा कंपनीत एक मार्चपासून रुजू होणार, सन दोन हजारला कॉम्प्युटर गोंधळू नयेत म्हणून जुन्या प्रोग्रॅममधल्या तारखा दुरुस्त करणार, असं त्यानं फार आनंदानं सांगितलं. 'अनू, मुलगी मार्गाला लागली एकदाची.' मी म्हटलं, 'कुठल्या?' तो म्हणाला, 'लाइन खराब आहे का?' लाइन उत्तम होती.

मी तुला रागावणार नाही. नोकरी वाईट नाही, आणि दादाचं काळजी करणंही वाईट नाही. पण मला न सांगता ठरवलंस, आणि तेही माझ्याच सल्ल्यानंतर, म्हणून हे पत्र जरा नीट वाच.

सध्या रमझान आहे, वर्कशॉप दुपारीच बंद होतं. परवा सगळे गेल्यावर ॲल्फ्रेड आणि मी मागे थांबलो. इथल्या करामा भागातल्या एका हॉटेलच्या पाटीत साप आला होता. मी एका फुटलेल्या स्पीकरचा मॅग्नेट काढून आणला आणि पेटत्या नळीजवळ धरला.

ॲल्फ्रेड म्हणाला, 'मॅडम, उपास मुसलमानांचा आणि चक्कर तुम्हाला आली काय?'

'गप्प बसा आणि बघा. काय होतं?'

'सरकला. काचेला चिकटला. पण वळवळतोय तसाच.'

'म्हणजे?'

'म्हणजे मॅग्नेटला थोडा मानतो. काचेला जास्त मानतो. नळी वाकडी तर तो वाकडा. त्याचा मालक काच आहे.'

मी घरी आले आणि तुझं ऑक्टोबरचं पत्र काढून वाचलं. तू स्पष्ट लिहिलं होतंस : उभे दोरे. एका तबकडीपासून दुसरीपर्यंत. एकही शब्द हलण्याचा नाही. मी 'दोरे' एवढं वाचलं आणि साप समजले. इतकी वर्षं नळ्या तपासून माझ्या डोळ्यांना उजेडाचा दोरा दिसला की तो सळसळणाराच वाटतो. तुझा उभा होता. मी ज्या रोगाचं औषध दिलं तो रोग तुझ्या भांड्याला नव्हताच. औषध घेऊनही दोरे गेले नाहीत हाच त्याचा पुरावा, आणि तो तू माझ्यासमोर ठेवलास तेव्हा मी तो बघायला हवा होता. सरांनीही.

आता मुद्दा. तुझे दोरे कुणाला मानतात? तुझ्या भांड्यात तबकड्याही आडव्या आणि चुंबकीय क्षेत्रही बरोबर त्यांच्यावर उभं. त्यामुळे दोरा तबकडीच्या हुकमानं उभा आहे की चुंबकाच्या, हे कुणाला कसं कळणार? दोन मालकांत भांडण लावून दे. भांडं थोडं कलतं कर. तबकड्या तिरक्या होऊ देत, मॅग्नेट आहे तसा राहू दे. दोरे तबकडीबरोबर कलले तर सर बरोबर, आणि तू सुखानं तारखा दुरुस्त करायला जा. चुंबकाबरोबर राहिले तर मग बोलू.

उरलेलं हेलियम यावर खर्च कर. ते राखून ठेवून तू कुणाला देणार आहेस?

आत्या


पुणे
५ फेब्रुवारी १९९९

ती. आत्या, नमस्कार.

नोकरीचं लपवलं, चुकलं. तुला सांगितलं असतं तर तू कारण विचारलं असतंस, आणि मला घाबरले आहे हे लिहावं लागलं असतं.

परवा मॅग्नेट चालवला, शेवटची खेप. भांड्याच्या एका अंगाखाली पितळी पाचर सारली. पाचर घालायला आमच्या विभागाच्या वर्कशॉपमधला गणू आला होता. त्यानं विचारलं, 'मॅडम, टेबल हलतंय म्हणून घालताय ना?' मी म्हटलं, 'नाही, टेबल चांगलं आहे. भांडं वाकडं करायचंय.' तो बिचारा सरांना सांगायला गेला. सर आले ते रागावूनच. 'हे काय चालवलंय तुम्ही?' मी तुझं पत्र खिशात ठेवलं होतं, त्याचा धीर. म्हटलं, 'सर, ते कुणाला मानतात ते बघायचंय.' त्यांनी विचारलं, 'कोण?' मी भांड्याच्या खिडकीकडे बोट दाखवलं.

आधी धुकं. मी क्षेत्र हळूहळू वाढवलं. धुक्यात बारीक सुरकुत्या आल्यासारखं झालं, मग ते फाटलं आणि दोरे उभे राहिले. आत्या, तबकड्या तिरक्या होत्या आणि दोरे सरळ होते. ओळंबा सोडल्यासारखे, मॅग्नेटच्या रेषेत. खालच्या तबकडीला ते तिरपे टेकत होते आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं.

सरांनी स्वतः जाऊन खोलीतला दिवा मालवला, स्टूल ओढलं आणि खिडकीला डोळा लावून बसले. थोड्या वेळानं म्हणाले, 'क्षेत्र खाली आण.' आणलं. दोरे एकमेकांत मिसळले, पुन्हा धुकं. 'वर ने.' दोरे परत आले, पण वेगळ्या जागी. वरच्या आरशात ठिपके अगदी दुसरीकडे होते. मला कळायच्या आधी सरांना कळलं. ओरखडे असते तर दोरे त्याच जागी उगवले असते.

त्यांनी मग पुन्हा पुन्हा करायला लावलं. आणखी वर ने, जरा खाली आण, आर्गॉन वाढव. आर्गॉन वाढवला की दोरे विरतात, कमी केला की येतात. त्यांचा आवाज बदलला होता. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी घाई करताना पाहिलं नव्हतं. शेवटी हेलियमची पातळी उतरली आणि मॅग्नेट बंद करावा लागला. अंधारातच ते म्हणाले, 'मळ नाही.'

आमच्याकडे कावेरी म्हणून पहिल्या वर्षाची मुलगी आहे, तिनं विचारलं, 'मग काय आहे, सर?'

'मला माहीत नाही.'

तिला वाटलं सर चिडले. चिडले नव्हते. ते आमच्या सगळ्यांसमोर म्हणाले, 'दोरे एकमेकांपासून अंतर राखून का उभे राहतात, बाजूला पसरता येत नाही म्हणून जिथे थोडी गर्दी झाली तिथेच ती वाढत जाते की आणखी काही आहे, मला काही माहीत नाही. विभावरी, आधी चेंबर धुतल्याचं लिही. ते धुतलं नसतंस तर आजही मी मळच म्हटलं असतं.' तेव्हा आत्या, तुझं चुकलेलं औषध फुकट गेलं नाही.

नंतर खोलीत बोलावून म्हणाले, मॅग्नेट पावसाळ्यानंतर पुन्हा आपल्याकडे मागून घेतो, फेलोशिपला मुदतवाढ मागतो, मिळेलच असं नाही. थांबणार का? मी दोन दिवस मागून घेतले.

मला थांबायचं आहे. आतापर्यंत मी ज्या माणसांना घाबरले त्यांना सगळं माहीत असतं असं मला वाटायचं. परवा पहिल्यांदा, सगळ्यात जास्त माहीत असलेला माणूस माझ्याइतकाच कोरा होऊन माझ्या शेजारी बसला. अशी खोली सोडून जावंसं वाटत नाही. पण बाबांना कसं सांगू? त्यांनी सगळ्या गल्लीला सांगून टाकलंय. मी तोंड उघडलं की ते विचारणार, यातून काय निघणार, आणि माझ्याकडे उत्तर नाही.

फोटो पाठवते आहे. पांढऱ्या पेन्सिलीची रेघ तबकडीची, दोरे आपोआप दिसतील.

विभावरी


बर दुबई
१४ फेब्रुवारी १९९९

चि. विभावरी,

फोटो मिळाला. तू पत्रात म्हणालीस त्याहून तो चांगला आहे. मी तो बराच वेळ टेबलावर ठेवून बघत होते. इथल्या शॉपिंग फेस्टिव्हलच्या पाट्यांची घाई चालली आहे, तरी बघत होते.

ॲल्फ्रेडनं विचारलं, 'मॅडम, ही नळी कुणाची?'

'भाचीची. आणि नळी नाही.'

त्यानं फोटो उजेडाला धरला. हा माणूस आयुष्यभर गॅसला आकार देत आला आहे, पण आधी काच वाकवून. तो म्हणाला, 'काच कुठे आहे?' मी म्हटलं, 'काच नाही. चुंबक आहे.' 'यल्ला, यल्ला', चला लवकर, असं बाहेर ड्रायव्हर ओरडत होता, पण त्यानं फोटो परत द्यायला वेळ लावला. 'काचेशिवाय सरळ उभे केले,' एवढंच म्हणाला. त्याच्याकडून कौतुक असं एका वाक्याचंच मिळतं, आणि ते मला आजवर मिळालेलं नाही.

मी तुला सल्ला दिला तो चुकला, तरी तू तो मनापासून पाळलास. सर चुकले तरी तू त्यांच्याशी भांडत बसली नाहीस, त्यांना दाखवलंस. घाबरली होतीस आणि तरी पाचर सारलीस. मी माणसाचं कौतुक सहसा पत्रात लिहीत नाही, ते माणूस जपून ठेवतो आणि बिघडतो. हे तू ठेवलंस तरी चालेल.

आता दादा. काल मीच फोन केला. म्हटलं, 'विभा नोकरी घेणार नाही.' तो म्हणाला, 'तिनं सांगितलं?' म्हटलं, 'ती सांगेल. आधी मी सांगते आहे, म्हणजे तुझा पहिला राग माझ्यावर निघेल.' तो बराच वेळ बोलला. मी ऐकलं. तो माझ्यापेक्षा मोठा, आणि त्याचं बोलणं मी मधे तोडलेलं मला आठवत नाही. काल तोडलं.

'अनू, यातून निघणार काय?'

'माहीत नाही.'

'तुला तरी कळलं का ते दोरे म्हणजे काय आहेत?'

'नाही, दादा. अजून कुणालाच कळलेलं नाही. म्हणून तर तिला तिथे राहू दे.'

मग तो म्हणाला, फोटो त्यालाही बघायचा आहे. घरी गेलीस की दाखव, आणि तबकडी कुठली ते आधी सांग, नाहीतर तोही माझ्यासारखा भलतंच बघेल.

कंपनीला मात्र तू स्वतः कळव. नम्रपणे, आणि कारण न देता.

आत्या